अधोलीत मावलेले एकोणपन्नास दिवस

मित्रांनो, मला जुनी म्हणा, गंजकी म्हणा, पोचे आलेली म्हणा, पण कृपा करून डबा म्हणू नका. मी अधोली आहे. तुम्ही किलो-ग्रॅमच्या काळात जन्मलात, म्हणून सांगते. पूर्वी गावोगाव धान्य मापाने विकले जाई. दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. पायली उचलायला दोन्ही हात लागत आणि शेर अगदीच चिमुकला. मी मात्र एका हाताने उचलली जाई आणि मोठ्या घरच्या दिवसभराच्या भाकऱ्यांचे धान्य माझ्यात मावत असे. मला थोडा तोरा आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

माझा जन्म केजला, बंकट लोहाराच्या भात्यापुढे झाला. त्याने लोखंडी पत्रा गोल वाकवला, तळ बसवला आणि काठाला जाड पट्टी चढवली. मला घ्यायला धान्याचे व्यापारी सिद्धाराम आले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि काखेत वडिलांची लाकडी अधोली. तिला भेग पडली होती म्हणून माझी गरज लागली होती. अप्पांनी ती ज्वारीने भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि ज्वारी माझ्यात ओतली. माझ्यात अर्धे बोट जागा उरली.

"बंकट, ही मोठी झाली," अप्पा म्हणाले.

"मोठी झाली तर गिऱ्हाइकाचंच भलं हाय की अप्पा. कोण बोंबलणार हाय?"

"मोठं असू दे न्हाई तर बारीक, खोटं ते खोटंच. काठ खाली घे."

बंकटने तोंड वाकडे करून माझा काठ पुन्हा ठोकला. दोनदा ज्वारी ओतून झाली. तिसऱ्यांदा ती काठाशी बरोबर टेकली, दाणा वर नाही की दाणा खाली नाही. त्या दिवसापासून खरे असणे हाच माझा धर्म झाला. तोराही तिथूनच आला.

अप्पांच्या दुकानात मी चाळीस वर्षे राबले. अप्पा मापायला बसले की मोठ्या आवाजात मोजत. पहिल्या मापाला ते 'एक' कधीच म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. आमच्या भागात धान्य मापताना असेच म्हणायची पद्धत होती. मोजणी चालू असताना मध्ये कोणी बोलायचे नाही, हाही नियम होता. अप्पांची लहान मुलगी नीला पोत्यांवर बसून हे सगळे तोंडाचा आ करून ऐकत असे.

एकदा धोंडीराम नावाचे गिऱ्हाईक ज्वारी न्यायला आले होते. मापता मापता रस्त्यावर दोन बैलगाड्या अडकल्या आणि आरडाओरडा झाला. अप्पांची नजर तिकडे गेली. परत वळले तेव्हा अकरा झाल्या होत्या की बारा, हे त्यांना आठवेना.

"बाराच झाल्या असत्याल अप्पा, जाऊ द्या," धोंडीराम म्हणाले.

"असत्याल म्हंजे काय? झाल्या का न्हाई?"

"आता मला तरी काय ठाव?"

अप्पांनी सगळी ज्वारी पुन्हा ढिगात ओतली आणि पहिल्यापासून मोजायला घेतली. लाभ, दोन, तीन. धोंडीरामांची एसटी निघून गेली. पोत्यांवर बसलेली नीला हसत होती, पण तिने ते चांगलेच लक्षात ठेवले होते. ते कसे, हे पुढे कळेल.

मग किलोचा तराजू आला, त्याच्या मागून लाल आकडे दाखवणारा काटा आला. काट्याला ना आवाज ना 'लाभ'. मी माळ्यावर गेले. पुढे दुकान बंद झाले, अप्पा गेले आणि नीलाबाई मला आठवण म्हणून अंबाजोगाईला आपल्या सासरी घेऊन आल्या. आठवण म्हणून आणले खरे, पण ठेवले कशात? आधी माझ्यात धुण्याचा सोडा भरला. मग मागचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराला टेकू लावून उभे केले. मित्रांनो, जिच्या मापावर दहा गावांचा भरवसा होता, तिच्यावर येता-जाता पायाची ठोकर बसू लागली. मी कोणाला दोष देत नाही. पण मला वाईट वाटले, हे लपवण्यातही अर्थ नाही.

बारा वर्षांपूर्वी शेजारच्या सिपोराबाई थळकर वाटीभर साखर परत करायला मागच्या दाराने आल्या. त्या इथल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. माहेर अलिबागजवळचे थळ. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणात शेकडो वर्षांपासून राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या. मुलगी लग्न होऊन इस्राएलला गेली, नवरा वारला, आणि सिस्टर निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या. अंबाजोगाईत त्यांच्या धर्माचे दुसरे घर नाही. त्यांच्या सामूहिक प्रार्थनेला दहा माणसे लागतात, ती जमवायची तर पुण्याला जावे लागते.

सिस्टर दारात थांबल्या आणि खाली वाकून माझ्याकडे बघू लागल्या.

"नीलाताई, हे केवढ्याचं माप?"

"अधोली हाय सिस्टर. दोन शेराची. आमच्या अप्पाची."

"आमच्या शास्त्रात एक माप आहे, ओमेर नावाचं. साधारण एवढंच असावं." त्यांनी मला उचलले आणि पदराने पुसले. "मला देता? दाराला दगड मी देते."

अशी माझी दगडाशी अदलाबदल झाली. आणि मला वाटले, आता पुन्हा धान्य येणार. शिगोशीग भरणार. काठावरून दाणे ओघळणार.

आले काय, तर एक चिंचोका.

त्या काळात, म्हणजे चैत्राच्या सुमाराला, यहुदी लोकांचा पेसाह हा सण येतो. फार पूर्वी त्यांचे पूर्वज मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, गुलाम होते. तिथून त्यांची एका रात्रीत सुटका झाली, त्याची आठवण म्हणजे पेसाह. सुटल्यावर सात आठवड्यांनी सीनाय डोंगरापाशी देवाने त्यांना धर्मशास्त्र दिले, त्या दिवसाचा सण म्हणजे शावुओत. या दोन सणांच्या मधले एकोणपन्नास दिवस ते रोज मोजतात. यरुशलेमला मंदिर होते तेव्हा मोजणीच्या पहिल्या दिवशी एक ओमेर जव देवापुढे ठेवत, म्हणून ही ओमेरची मोजणी. सिस्टर रोज दिवेलागणीला आकाशात चांदण्या दिसू लागल्या की मागच्या ओट्यावर येत. डोळे मिटून आधी आशीर्वाद म्हणत, की हे परमेश्वरा, जगाच्या राजा, तू आम्हाला ओमेर मोजण्याची आज्ञा दिलीस, तुझी स्तुती असो. मग आकडा म्हणत आणि एक चिंचोका माझ्यात टाकत. टण्ण असा आवाज होई आणि सिस्टर आत जात.

पहिले काही दिवस मी खूप चिडले. चिंचोक्याने अधोली भरत असते का? एकोणपन्नास झाले तरी माझा तळ झाकला जाणार नव्हता. अप्पांच्या दुकानात मी एका सकाळी पोतेभर ज्वारी मोजली आहे. पण हळूहळू मी संध्याकाळची वाट पाहू लागले. कारण तो आवाज अप्पांच्या आवाजासारखाच होता. मोजताना इकडे-तिकडे न बघणाऱ्या माणसाचा.

नीलाबाई रोज कुंपणाच्या भिंतीपलीकडून डोकावत. पहिल्या वर्षीचा त्यांचा गोंधळ मला अजून आठवतो.

"सिस्टर, आज कितवा दिवस हाय?"

"काल अकरावा होता."

"कालचं कोण इचारलंय? आजचा सांगा की."

"काल अकरावा होता, नीलाताई."

नीलाबाईंना वाटले, सिस्टरांना कमी ऐकू येते. मग सिस्टर हसून म्हणाल्या, "संध्याकाळ झाली की नवा दिवस लागतो आमचा. मोजायच्या आधी मी नुसतं 'आज बारावा' म्हणून गेले, तर मोजून झालं असं होतं. मग आशीर्वाद म्हणता येत नाही. म्हणून कालचा सांगायचा आणि आजचा ओळखून घ्यायचा."

"आमचे अप्पा पन मापताना कोनाला बोलू देत नसत," नीलाबाई म्हणाल्या आणि भिंतीला वळसा घालून सरळ ओट्यावर येऊन बसल्या. तेव्हापासून दर वर्षी त्या संध्याकाळी येतात.

दुसरा प्रश्न त्यांनीच विचारला. "सण यायचा हाय तर किती दिस उरले ते मोजावं. तुमी एक, दोन असं चढतं कावून मोजताव?"

"उरलेले मोजले की कधी एकदा संपतात असं होतं. हे दिवस संपवायचे नाहीत, साठवायचे आहेत. मिसरातून माणसं एका रात्रीत बाहेर पडली. पण गुलामाची सवय एका रात्रीत जाते का? भाकरी कोणी दिली तर खायची, कामाला कोणी हाकलं तर उठायचं. पायातली बेडी निघाली तरी चाल तीच राहते. ती बदलायला हे सात आठवडे. पहिल्या दिवशी जव ठेवायचे, ते जनावराचं खाणं. पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या दोन भाकऱ्या, ते माणसाचं."

सात आठवड्यांचे सात गुण असतात, हेही सिस्टरांनी सांगितले. पहिला आठवडा मायेचा, दुसरा स्वतःला आवरण्याचा, तिसरा करुणेचा, चौथा चिकाटीचा, पाचवा नम्रपणाचा, सहावा नाती जोडण्याचा आणि सातवा मिळालेले सगळे नीट वापरण्याचा. त्या त्या आठवड्यात त्या गुणाकडे लक्ष ठेवायचे.

"या आठवड्याला काय हाय?" नीलाबाई विचारत.

"आवर."

"म्हंजे सुनंला काय बोलायचं न्हाई."

"बोला, पण अर्धंच."

नीलाबाईंची सून वर्षाराणी शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, सिस्टरांचा दुसरा आठवडा वर्षातून चारदा यायला हवा.

एक नियम मात्र कडक होता. संध्याकाळी मोजायचे राहिले तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत मोजता येते. पण तोही दिवस गेला, एक आकडा पूर्ण हुकला, की त्या वर्षी आशीर्वाद म्हणण्याचा हक्क जातो. पुढचे दिवस नुसते मोजायचे. सिस्टरांचा एकही दिवस कधी हुकला नव्हता. या गावात आल्यापासून सलग छत्तीस वर्षे. बाळंतिणींच्या वॉर्डात दोन-दोन पाळ्या करतानाही त्या खिडकीशी जाऊन मोजून आल्या होत्या. देऊळ नाही, माणसे नाहीत, सण एकटीने. ही मोजणी हेच त्यांचे देऊळ होते. सिस्टर हे नीलाबाईंखेरीज कोणाला सांगत नसत, पण पहिला चिंचोका टाकताना पुटपुटत, "तेहतिसावं वर्ष", "चौतिसावं वर्ष". मी ऐकत असे आणि मलाही अभिमान वाटे. खऱ्या मापाला खरी मोजणारीण मिळाली होती.

यंदा सदतिसावे वर्ष होते.

पंचवीस चिंचोके झाले आणि उन्हाने कहर केला. पत्र्याचा माझा देह दुपारी हात लावू देत नव्हता. सिस्टर वाळवण काढायला गच्चीवर गेल्या आणि तिथेच कोसळल्या. नीलाबाईंनी आणि वर्षाराणीने रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेले. संध्याकाळ झाली, चांदण्या आल्या आणि ओट्यावर कोणी आले नाही. बारा वर्षांत असे कधी घडले नव्हते. मी अक्षरशः कासावीस झाले.

इतक्यात नीलाबाई किल्ली घेऊन आल्या. केस विसकटलेले, डोळे लाल. त्या ओट्यावर बसल्या आणि माझ्याशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "ताप डोक्यात गेलाय त्यांच्या. कोनाला वळखत न्हाईत. आईला हाका मारत्यात नुसत्या." त्यांनी पिशवीतून एक चिंचोका काढला, कपाळाला लावला आणि माझ्यात टाकला. "सव्वीस," त्या म्हणाल्या. "देवा, मोजलं समज."

तो टण्ण आवाज मला पोकळ वाटला. सिस्टरांनी मोजले नव्हते. मी वाट पाहिली की उद्या दिवसा त्या शुद्धीवर येतील आणि मोजतील. पण दुसरा सगळा दिवस त्या ग्लानीतच होत्या. सव्विसावा दिवस सूर्याबरोबर मावळला आणि आकडा हुकला.

मी ओट्यावर बसलेली असले तरी पुढे काय झाले हे मला कळले, कारण अठ्ठाविसाव्या दिवशी सिस्टर घरी आल्या आणि त्याच गोष्टीवर बोलल्या. अजून अशक्त होत्या, नीलाबाईंच्या खांद्याला धरून ओट्यावर बसल्या.

"मला सव्विसावा अजिबात आठवत नाही हो. जाग आली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मी तुम्हाला विचारलं, काल मी मोजलं का? तुम्ही म्हणालात, माझ्यासमोर मोजलं, म्हणून मी तिथेच आशीर्वादासकट सत्ताविसावा मोजला. सव्विसावा मोजला होता ना मी?"

नीलाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "व्हय. मोजलं की. सव्वीस म्हनालाव तुमी."

"देवाची कृपा," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मग सत्ताविसाचा राहिलेला चिंचोका टाकून त्यांनी डोळे मिटले, आशीर्वाद म्हटला आणि अठ्ठाविसावा टाकला.

मित्रांनो, मी माप आहे. मला तोंड आहे, पण बोलायला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात खोटी मोजणी पडली होती आणि मला ती बाहेर टाकता येत नव्हती. नीलाबाईंवर मी रागावू तरी कशी? त्यांनी ती मायेने टाकली होती. दुखण्यातून उठलेल्या बाईचे मन कोण मोडेल? तरी रोज संध्याकाळी आशीर्वाद ऐकू आला की मला माझाच काठ बोचल्यासारखे होई.

पंचेचाळिसाव्या संध्याकाळी वर्षाराणी सासूबरोबर आली होती. तिने सहज विचारले, "सिस्टर, यातला एखादा दिवस राहिला तर काय होतं?"

सिस्टरांनी नियम सांगितला. मग म्हणाल्या, "आशीर्वादात देवाचं नाव आहे. हक्क नसताना ते घेतलं तर नाव फुकट घेतल्यासारखं होतं. त्याहून मोठी चूक आमच्यात फार थोड्या आहेत. म्हणून तर नीलाताईंना मी दवाखान्यात पहिलं तेच विचारलं."

नीलाबाई इतकी वर्षे येत होत्या, पण एकही दिवस हुकला नव्हता म्हणून हा नियम त्यांच्या कानांवर कधी पडला नव्हता. त्यांना वाटले होते, चिंचोका पडला म्हणजे झाले. त्यांच्या हातातला पदर तसाच राहिला. थोड्या वेळाने "गॅसवर दूध हाय" असे म्हणून त्या उठल्या. वर्षाराणी म्हणाली, "आई, दूध तर मी उतरवून आलेय," पण त्या भिंतीपलीकडे गेल्या होत्या.

पुढच्या दोन संध्याकाळी नीलाबाई आल्या नाहीत. सिस्टर भिंतीकडे बघत थांबत, मग मोजत. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. मला वाटले, आता दोनच दिवस. नीलाबाई गप्प राहिल्या तर सदतीस वर्षे पूर्ण होतील आणि कोणाला काही कळणार नाही. खरे सांगते, क्षणभर मलाही वाटले की गप्प राहावे. मी, अप्पांची अधोली.

अठ्ठेचाळिसाव्या संध्याकाळी सिस्टरांनी डोळे मिटले, ओठ उघडले, आणि नीलाबाईंचा हात माझ्या तोंडावर येऊन बसला.

"थांबा सिस्टर. म्हनू नका."

"काय झालं?"

"सव्विसावा तुमी मोजला न्हाई. मी टाकला चिंचोका. तुमी शुद्धीतच नव्हताव. मला नेम ठाव नव्हता आन् तुमचं तोंड एवढंसं झालं हुतं. मी खोटं बोलले."

हातातला चिंचोका सिस्टरांनी मुठीत धरला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एकवीस संध्याकाळी मी देवाचं नाव घेतलं, नीलाताई. आणि उद्या माझं सदतिसावं वर्ष पूर्ण झालं असतं. ही छत्तीस वर्षं म्हणजे काय होतं माझं, ते तुम्हाला माहीत होतं."

"व्हय. म्हनून दोन दिस मनाला म्हनत हुते, गप बस, गप बस. पन आमच्या अप्पानं अकरा का बारा एवढ्यासाठी सगळा ढीग परत वतला हुता. मला झोप लागंना. मी तुमच्याकडनं आनखी एक बार देवाचं नाव घेववलं असतं तर कुठं फेडलं असतं?"

"ज्वारी परत ओतता येते. दिवस कसे ओतू?" असे म्हणून सिस्टर उठल्या आणि आत गेल्या. दार लागले.

नीलाबाई ओट्यावरून हलल्या नाहीत. आकाश पुरते काळे झाले. मला भीती वाटली की सिस्टर आता मोजणीच सोडून देतील. वर्षानुवर्षे एखादे काम करत आलेला माणूस एका फटक्यात थांबतो, असे मी दुकानात पाहिले आहे. धान्य सांडले की काही लोक उरलेलेही सोडून जात.

दार उघडले. सिस्टर आल्या आणि उभ्यानेच, डोळे उघडे ठेवून म्हणाल्या, "आज अठ्ठेचाळिसावा दिवस, म्हणजे सहा आठवडे आणि सहा दिवस." आशीर्वाद नाही. आकडा मात्र बरोबर. चिंचोका माझ्यात पडला आणि बावीस दिवसांनी मला खऱ्याचा आवाज ऐकू आला.

"मला राग आलाय, नीलाताई," त्या म्हणाल्या. "तो आजच्या आज जाणार नाही. तुम्ही आता घरी जा."

नीलाबाई खाली मान घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर ओट्यावर आल्या आणि माझ्यात बघत बसल्या. भिंतीपलीकडे बांगड्यांचा आवाज होता, पण डोके वर येत नव्हते. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "या इकडे. शेवटचा दिवस एकटीने मोजावासा वाटत नाही."

नीलाबाई आल्या, पण ओट्याच्या खालीच उभ्या राहिल्या.

"रात्रभर विचार केला," सिस्टर म्हणाल्या. "दर वर्षी पहिल्या दिवशी मी काय म्हणायचे? चौतिसावं वर्ष, पस्तिसावं वर्ष. देवाने दिवस मोजायला सांगितले आणि मी वर्षं मोजत बसले. हुकला तो दिवस चिकाटीच्या आठवड्यातला. त्याच चिकाटीचा मला गर्व झाला होता, आणि तो डोक्यावर घेऊन मी मिसरातून बाहेर पडल्याचं सांगत होते. आता पाटी कोरी झाली. वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण हलकंही वाटतंय."

"राग हाय का अजून?"

"आहे थोडा. कालच्यापेक्षा कमी." सिस्टरांनी मला पुढे सरकवले. "यातला तुमचा चिंचोका कोणता?"

नीलाबाई वाकल्या आणि त्यांनी माझ्यात हात घालून बघितले. सगळे चिंचोके सारखेच तपकिरी, सारखेच गुळगुळीत. "कसा वळखावा? सगळे एकसारखे हायत."

"मग राहू दे. त्या दिवशी मी मोजलं नाही हे खरं. पण तो दिवस उगवला होता आणि माझ्यासाठी कोणीतरी रडत या ओट्यावर येऊन बसलं होतं, हेही खरं. बसा वर. माझ्याबरोबर म्हणा."

दोघींनी मिळून म्हटले, "आज एकोणपन्नासावा दिवस, म्हणजे सात आठवडे." नीलाबाईंचा 'एकोणपन्नास' 'येकुनपन्नास' झाला आणि सिस्टर पुष्कळ दिवसांनी हसल्या.

शावुओतच्या सकाळी सिस्टरांनी चिंचोके एका फडक्यात बांधून ठेवले. नीलाबाईंनी गहू आणले, सिस्टरांच्या ओट्यावर बसल्या आणि मला भरू लागल्या. सपाट नव्हे, शीग लावून. दाणे माझ्या काठावरून ओघळले. त्या गव्हाच्या जाड भाकऱ्या झाल्या, दोन इथे आणि दोन भिंतीपलीकडे. दुधाबरोबर खाल्ल्या.

पुढच्या वर्षी सिस्टरांना आशीर्वादाचा हक्क पुन्हा मिळेल. पण वर्षे त्या मोजणार नाहीत, असे त्यांनी मला पुसताना सांगितले आहे, आणि माझा त्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी मापे तुमच्या घरी माळ्यावर असतील तर खाली काढा, पुसा, आणि आजोबांना विचारा की तुम्ही पहिल्या मापाला काय म्हणत होता. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या ओळखीचे कोणी ना कोणी रोज काहीतरी मोजत असते. कोणी दारू सोडल्याचे दिवस मोजते, कोणी अभ्यासाचे, कोणी माणूस गेल्यानंतरचे. त्यांचा एखादा दिवस हुकला तर मायेपोटी खोटा चिंचोका टाकू नका. आणि हुकला म्हणून त्यांना मोजणी सोडूही देऊ नका. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा, ते रागावले तरी बसा, आणि संध्याकाळ झाली की पुढचा आकडा त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणा.